मंदी येते तेव्हा कॉलेजात नक्की काय बदलतं?

ज्यांना लोकलच्या गर्दीत किंवा मेसच्या रांगेत हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या घरात सध्या चालू असेल. 'मार्केट डाऊन आहे, मग आत्ता नोकरी शोधू की पुढे शिकू?' किंवा बारावीतल्या भावंडाचा प्रश्न: 'आयटीत भरती नाहीये म्हणतात, मग कॉम्प्युटर ब्रांच घेऊ की नको?' आणि आईबाबांचा न विचारलेला प्रश्न: 'फी भरायची कुठून?'

हे तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. अर्थव्यवस्था मंदावली की भारतासारख्या देशात उच्च शिक्षणाचं काय होतं? पहिलं उत्तर डोक्यात येतं ते असं की पैसा नाही, म्हणजे मुलं कॉलेज सोडत असतील आणि वर्ग रिकामे पडत असतील. पण आकडे तसं सांगत नाहीत. वर्ग भरलेलेच राहतात. बदलतं ते हे, की बिल कोण भरतं, वर्गात कोण टिकतं आणि चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याच्या हातात काय पडतं. आज याच तीन गोष्टी बघू.

गर्दी का वाढते?

मंदीत दोन ताकदी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

पहिली ताकद कॉलेजकडे ढकलते. तेजीत शिकायला बसलं की पगार बुडतो. बीकॉम झालेल्या पोराला महिना वीस हजारांची नोकरी मिळत असेल, तर दोन वर्षांच्या एमकॉमची खरी किंमत फी अधिक बुडालेले चार लाख ऐंशी हजार. पण नोकरीच मिळत नसेल, तर बुडतंय काय? काहीच नाही. म्हणून मंदीत शिक्षण 'स्वस्त' होतं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत नेमकं हेच झालं. काम गेलेले लोक मोठ्या संख्येनं कॉलेजात परतले.

दुसरी ताकद कॉलेजपासून लांब खेचते. घरातलं उत्पन्न घटलं की फी, खोलीभाडं, मेस हे सगळं अंगावर येतं. अमेरिकेत पहिली ताकद जिंकते, कारण तिथे बेकारी भत्ता आहे आणि गरीब विद्यार्थ्यांना सरकारकडून थेट अनुदान मिळतं. आपल्याकडे बहुतेक कुटुंबांसाठी बेकारी भत्ता असतो तो म्हणजे आईचे दागिने, मामाकडची उसनवारी आणि सातबारा.

मग आपल्याकडे कोण जिंकतं? कोविडचं वर्ष घ्या. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी, सरकारच्या पहिल्या अंदाजानुसार, आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरला. तरीही केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार एकूण विद्यार्थी २०१९-२० मधल्या ३.८५ कोटींवरून २०२०-२१ मध्ये ४.१४ कोटींवर गेले.

म्हणजे सगळं आलबेल? थांबा. त्याच सर्वेक्षणात दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांची संख्या वर्षभरात सुमारे ७ टक्क्यांनी वाढून ४५.७१ लाखांवर गेली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकणं ही वाईट गोष्ट अजिबात नाही. नोकरी करत शिकणाऱ्या लाखो लोकांना त्याच दारानं पदवी दिलीय. पण पुण्यात राहून इंजिनिअरिंग करायचं ठरवलेली मुलगी घरची अडचण बघून तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला गेली, तर सरकारी तक्त्यात काय दिसतं? एक विद्यार्थिनी. आधीही एक, आताही एक. मंदीचा पहिला घाव असा असतो. तो गळतीच्या रकान्यात दिसत नाही, कोण कुठे सरकलं यात दिसतो.

सरकारच्या खिशाचं काय होतं?

मंदीत लोक कमी खरेदी करतात, कंपन्यांचा नफा घटतो, म्हणून सरकारचा कर घटतो. खर्च मात्र तेवढा घटत नाही. कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तांची पेन्शन आणि जुन्या कर्जाचं व्याज द्यावंच लागतं. शाळा आणि दवाखाने यांना कात्री लावली की लगेच बोंब होते. मग कात्री लागते अशा ठिकाणी, जिथे आवाज उशिरा येतो. उच्च शिक्षण हे तसं ठिकाण.

हे कसं होतं ते ४ मे २०२० च्या महाराष्ट्र सरकारच्या निर्णयात स्वच्छ दिसतं. लॉकडाऊनमुळे तिजोरीत पैसा येत नव्हता. वित्त विभागानं ठरवलं की त्या वर्षी विकास योजनांवर तरतुदीच्या ३३ टक्केच रक्कम खर्च करायची आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती करायची नाही. त्या घडीला ते समजण्यासारखंही होतं. पण भरती थांबवणं म्हणजे टॅप बंद करून परत चालू करण्याइतकं सोपं नसतं. एखादा प्राध्यापक निवृत्त झाला, जागा रिकामी राहिली, तिथे तासिका तत्त्वावर, आपल्या भाषेत सीएचबीवर, कुणीतरी आलं. त्याला तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर मिळतीलच असं नाही. पुढच्या वर्षी तो असेल की नाही, त्यालाही माहीत नाही. मंदी वर्षभरात संपते. रिकामी खुर्ची मात्र कितीतरी बॅचेस बघते.

१९९१ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. परकीय चलनाचा साठा आटला, सरकारला सोनं गहाण ठेवावं लागलं आणि खर्चाला कात्री लागली. त्या पार्श्वभूमीवर विद्यापीठ अनुदान आयोगानं न्यायमूर्ती पुन्नय्या समिती नेमली. समितीनं सुचवलं की विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के रक्कम पाच वर्षांत आणि २५ टक्के रक्कम दहा वर्षांत स्वतः उभी करावी. आता विद्यापीठ स्वतः पैसे उभे करणार म्हणजे कुठून? काही देणग्या, काही सल्लागारी, आणि उरलेलं फी वाढवून.

महाराष्ट्र तर त्याआधीच त्या वाटेनं निघाला होता. १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, राज्यानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. मागणी प्रचंड होती, आणि तेवढी कॉलेजं सरकारी पैशातून उभी राहत नव्हती. या निर्णयामुळे गावागावातल्या मुलांना इंजिनिअर होता आलं हे खरं. पण बिल सरकारकडून कुटुंबाकडे सरकलं हेही तितकंच खरं. आणि एकदा सरकलेलं बिल तेजी आली म्हणून परत सरकारकडे जात नाही.

घरच्या खिशाचं काय होतं?

टीव्हीवर मंदी म्हणजे जीडीपी. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी मंदी येते ती पावसाच्या रूपात, देशाचा जीडीपी झकास वाढत असताना. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वर्षी भारताची अर्थव्यवस्था वाढतच होती.

दुष्काळ जाहीर झाला की ठरलेल्या सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, आणि या यादीत आपल्या कामाची एक ओळ असते: शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ.

आता हिशोब करा. पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं परीक्षा शुल्क किती? काही शे किंवा काही हजार रुपये, तेही सत्राला एकदा. आणि कॉट बेसिसची खोली, दोन वेळची मेस, बस आणि मोबाइल रिचार्ज? ते दर महिन्याला. कापूस गेला की घरून येणारा जो पैसा थांबतो, तो हा. सरकार माफ करतं ते वेगळंच बिल. मेसवाल्या काकूंना दुष्काळाचा जीआर दाखवून चालत नाही.

हीच गोष्ट मुलींच्या बाबतीत आणखी टोकदार होते. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय मोठा आहे, त्याचा फायदा नक्की घ्या. पण घरापासून लांब राहण्याचा खर्च त्यात येत नाही. आणि दोन भावंडांपैकी एकालाच बाहेर पाठवणं परवडत असेल, तर कुणाला घरी थांबायला सांगतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

म्हणून एक कामाची टीप इथेच देतो. फी सोडून राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. फीच्या योजनांचे फॉर्म कॉलेज मागे लागून भरून घेतं, कारण ते पैसे कॉलेजला मिळणार असतात. निर्वाह भत्त्याचा फॉर्म तुम्हालाच आठवणीनं भरावा लागतो.

चार वर्षांचा लॅग

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लेटन्सी हा शब्द फार आवडतो. विनंती पाठवली आणि उत्तर आलं, यामधला वेळ. इंजिनिअरिंग पदवीची लेटन्सी चार वर्षं आहे. ॲडमिशन घेताना तुम्ही आजचा बाजार बघता, पण विकायला उभे राहता चार वर्षांनंतरच्या बाजारात.

उदाहरण बघा. कोविडनंतर सगळं जग ऑनलाइन झालं आणि आयटीत झुंबड उडाली. २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसनं सुमारे १ लाख फ्रेशर्स घेतले. त्याच कंपनीची एकूण कर्मचारी संख्या २०२३-२४ मध्ये १३,२४९ नं घटली. फक्त दोन वर्षांत! २०२२ ची तेजी बघून ज्यानं कॉम्प्युटर ब्रांच घेतली, तो बाहेर पडतो २०२६ मध्ये. तेजी बघून आत गेला, पण पदवी हातात येईपर्यंत ती तेजी दोनदा रंग बदलून गेलेली असते.

कॉलेजंही अशीच मागे राहतात. नवं कॉलेज म्हणजे जमीन, इमारत, लॅब, परवानगी. तेजीत ठरवलेलं कॉलेज मंदीत उघडतं. देशातल्या इंजिनिअरिंगच्या जागा, म्हणजे डिप्लोमा, पदवी आणि पदव्युत्तर सगळ्या धरून, २०१४-१५ मध्ये सुमारे ३२ लाखांवर पोचल्या होत्या. २०२१-२२ पर्यंत त्या २३ लाखांच्या आसपास उतरल्या. मध्ये एआयसीटीईला २०२०-२१ पासून नव्या कॉलेजांना परवानगी देणंच थांबवावं लागलं. ही सगळी घट मंदीमुळे झाली असं नाही. कमकुवत शिक्षण, न मिळणारे शिक्षक आणि प्लेसमेंटचे फसवे फलक यांचाही वाटा आहे. पण तेजीत घाईनं उभ्या राहिलेल्या जागा बाजार थंडावल्यावर रिकाम्या पडल्या, हे त्यातलं मोठं सूत्र.

आणि बंद पडणाऱ्या कॉलेजात शेवटच्या बॅचला असणं काय असतं, विचार करा. शिक्षक एकेक करून सोडून जातात, लॅबमधली मशिन्स दुरुस्त होत नाहीत, पण फी मात्र पूर्ण.

कर्जाचा हप्ता मंदीला ओळखत नाही

बिल कुटुंबाकडे सरकलं, मग कुटुंब गेलं बँकेकडे. २००१ पासून बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे. तिच्यात कोर्स चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण व्याज झोपलेलं नसतं.

साधा हिशोब करू. दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख, चार वर्षांत सहा लाख. व्याजदर सोयीसाठी १० टक्के, सरळव्याज. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३० हजार. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर सहा नाही, ८ लाख १० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे तर ईएमआय सुमारे १०,७००. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ८,७००, पण मग एकूण परतफेड साडेपंधरा लाखांच्या वर जाते.

आता साडेतीन लाखांचं पॅकेज घ्या, हातात महिना पंचवीस हजारांच्या आसपास. पुण्यात खोली-मेस काढून त्यातून १०,७०० द्यायचे. जमेल, पण जेमतेम. आणि बॅच मंदीत बाहेर पडली, ऑफर लेटर आलं पण जॉइनिंगची तारीख पुढे पुढे ढकलली गेली तर? हप्त्याची तारीख पुढे जात नाही.

मंदीत बाहेर पडणाऱ्या बॅचचं नुकसान पहिल्या वर्षापुरतं नसतं. कॅनडातल्या पदवीधरांवरचा एक गाजलेला अभ्यास सांगतो की मंदीत नोकरीला लागलेल्यांचा पगार सुरुवातीला सुमारे ९ टक्के कमी असतो आणि ही दरी भरून यायला जवळपास दहा वर्षं लागतात. तुमच्या सीनियरला दुप्पट पॅकेज मिळालं आणि तुम्हाला नाही, याचा अर्थ तुम्ही निम्मे हुशार आहात असा होत नाही. काही वेळा फरक फक्त जन्मवर्षाचा असतो.

हप्ता जमत नसेल तर काय? या आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, अशी हप्त्याला दोन-तीनदा स्थगिती देण्याची सोय आहे. बँक स्वतः फोन करून हे सांगणार नाही. हप्ता थकायच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. थकल्यावर गेलात तर क्रेडिट स्कोअर आधीच पडलेला असतो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर कोर्स अधिक एक वर्ष या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. आपल्या हिशोबातले २ लाख १० हजार म्हणजे हेच. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढणं हे एवढं महाग काम आहे.

मग आपण काय करायचं?

एक. ब्रांच निवडताना या वर्षीची बातमी बघून उडी मारू नका, आणि पळूही नका. तेजीची बातमी चार वर्षं टिकत नाही, तशी मंदीचीही नाही. मला जमेल का, आवडेल का, हे प्रश्न चार वर्षांनीही तेवढेच खरे असतात.

दोन. कॉलेज बघायला गेलात तर प्लेसमेंटच्या फलकाआधी विचारा, तुमच्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती? मागच्या दोन वर्षांत किती सोडून गेले? कँटीनमध्ये बसून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. खरं तिथे कळतं.

तीन. नोकरी नाही म्हणून पुढे शिकणार असाल, तर ती पदवी प्रतीक्षालय आहे की पूल, हे ठरवा. गेट देऊन एमटेकला गेलात तर महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे मंदीचा काळ कुणीतरी पैसे देऊन काढतंय. तेच दीड-दोन लाख फी भरून, जिथे शिक्षकच नाहीत अशा ठिकाणी एमई करणं म्हणजे स्वतःच्या पैशानं वाट बघणं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांनाही हेच लागू. एमपीएससी करा, जरूर करा, पण किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत हे आधी कागदावर लिहा आणि घरी सांगा.

चार. पैसे अडले तर गुपचूप कॉलेज सोडू नका. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट जमा राहतात आणि ठरलेल्या नियमांत पुन्हा शिकायला येता येतं. तुमच्या विद्यापीठात हा नियम कसा लावलाय, ते परीक्षा विभागात विचारा. नीट नोंद करून घेतलेला ब्रेक आणि गायब होणं यांत परतीच्या दाराचा फरक आहे.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली नाही, पण मागता येण्यासारखी आहे. आपल्याकडे मदतीची रचना उलटी आहे. वर्ष वाईट असतं तेव्हा सरकारकडेही पैसा नसतो, म्हणून शिष्यवृत्ती उशिरा येते, भरती थांबते, फी वाढते. नेमकं तेव्हाच घरातही पैसा नसतो. ज्या वर्षी आधार सगळ्यात जास्त हवा, त्याच वर्षी तो सगळ्यात कमी असतो. तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क आपोआप माफ होतं, तसंच तिथल्या बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांच्या खात्यात मेसचे पैसे आपोआप जमा झाले तर? यादी सरकारकडे आहे, बँक खाती जोडलेली आहेत, पोर्टलही आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, यातलं तांत्रिक काम अवघड नाही.

तर आजच्यापुरतं इतकंच. हा भाग तुमच्या ओळखीत ज्याच्या कर्जाचा पहिला हप्ता सुरू होतोय त्याला पाठवा, त्यातलं बेरोजगारीच्या स्थगितीचं वाक्य त्याला आत्ता कामाचं आहे. भेटू पुढच्या भागात!